विष, उत्तेजक की गरज? शेंगवर्गीय पिकांवरील सूक्ष्मद्रव्यांच्या फवारणीची कथा

श्रावणाची झड लागली की चुनखडीच्या जमिनीतील भुईमुगाकडे एकदा नीट पाहावे. जून पाने हिरवी असतात, पण शेंड्याकडची कोवळी पाने फिकट पिवळी पडलेली दिसतात. पान पिवळे आणि शिरा मात्र हिरव्या, असे जाळीदार चित्र त्यावर उमटलेले असते. शेतकरी त्यातली दोन पाने खिशात घालून तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात जातो. दुकानदार पाने पाहतो, फळीवरची बाटली काढून देतो आणि म्हणतो, "हे टॉनिक मारा, पीक उभं राहील."

शाळेतला चौकस विद्यार्थी अशा वेळी एक अडचणीचा प्रश्न विचारतो. "सर, झाड मुळांनी अन्नद्रव्ये घेते असे पुस्तकात आहे. मग औषध पानावर मारून काय उपयोग? पान जेवते का?" या प्रश्नात आणि दुकानदाराच्या 'टॉनिक' या शब्दात वनस्पतिशास्त्राचा पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास दडलेला आहे. या इतिहासातले बरेचसे महत्त्वाचे पुरावे वाटाणा, घेवडा, भुईमूग अशा शेंगवर्गीय वनस्पतींच्या खोडाच्या, गाठींच्या आणि बियांच्या छेदांतून मिळाले. म्हणून ही कथा शेतीइतकीच सूक्ष्मदर्शकाचीही आहे.

पितापुत्रांचे काम

कथेची सुरुवात फ्रान्समध्ये होते. यूजेब ग्री नावाच्या रसायनज्ञाने १८४३-४४ च्या सुमारास पिवळ्या पडलेल्या झाडांवर लोहाच्या क्षारांचे प्रयोग केले. त्याने हे क्षार मुळांना दिले आणि त्यांचे विद्राव पानांवरही लावून पाहिले. लोहाचा विद्राव जेथे लागला तेथे पान हिरवे झाले. पानांवाटे सूक्ष्मद्रव्य देण्याचा हा अगदी सुरुवातीचा पद्धतशीर प्रयोग होय. ग्रीने जे क्षार वापरले त्यांपैकी फेरस सल्फेट आपल्याकडे हिराकस या नावाने बाजारात मिळते.

ग्रीने बाहेरून जे पाहिले ते आतून पाहण्याचे काम त्याच्या मुलाने केले. आर्तूर ग्री हा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. त्याने १८५७ मध्ये हरितद्रव्याच्या सूक्ष्मदर्शकीय अभ्यासावर प्रबंध प्रसिद्ध केला. पिवळ्या पानांच्या पेशींत हरितद्रव्याचे कण, म्हणजे आज आपण ज्यांना हरितलवके म्हणतो ते, नीट घडलेले नसतात आणि लोह मिळाले की ते पुन्हा आकाराला येतात, हे त्याने दाखवले. बापाने पान हिरवे करून दाखवले आणि हिरवे होणे म्हणजे पेशीच्या आत नेमके काय होणे, हे मुलाने सांगितले.

या पहिल्याच प्रयोगातील दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक म्हणजे, पेशी जिवंत असेल तर लोहाअभावी अर्धवट राहिलेले हरितलवक नंतरही दुरुस्त होऊ शकते. दुसरी गोष्ट म्हणजे, ही दुरुस्ती थेंब पडतो त्या जागेपुरती होते. लोह एका पानावरून दुसऱ्या पानाकडे सहज जात नाही. आज फवारलेले भुईमुगाचे पान हिरवे होते, पण आठ-दहा दिवसांनी फुटणारे नवे पान पुन्हा पिवळे निघू शकते. ते पाहून 'औषध बनावट होते' असे शेतकऱ्याला वाटते. ते नेहमीच खरे नसते. पानावरचे लोह नव्या पानापर्यंत पोचलेलेच नसते.

चुनखडीच्या जमिनीत लोह नसते असे नाही. ते भरपूर असते, पण अशा विम्लधर्मी जमिनीत ते न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडते आणि मुळांच्या उपयोगी येत नाही. हवाई बेटांवर याच प्रकारची अडचण वेगळ्या कारणाने आली होती. तेथील मँगेनीजने भरलेल्या जमिनीत अननसाची झाडे पिवळी पडत. मॅक्सवेल जॉन्सन यांनी १९१६ मध्ये त्यांवर हिराकसाची फवारणी करून ती हिरवी करून दाखवली. मुळांची वाट बंद असेल तेव्हा पानांची वाट वापरता येते, हा धडा व्यवहारात आला तो असा.

'विषे आणि उत्तेजके'

लोहाचे महत्त्व एकोणिसाव्या शतकातच मान्य झाले होते. जस्त, तांबे, मँगेनीज, बोरॉन यांची स्थिती मात्र वेगळी होती. झाडांच्या राखेत ही मूलद्रव्ये लेशमात्र सापडत आणि जास्त प्रमाणात दिली की झाड मरे. त्यामुळे त्यांची गणना विषांत होत असे. काही प्रयोगांत मात्र अगदी थोड्या मात्रेत त्यांनी वाढ सुधारल्यासारखी दिसे. मग त्यांना 'उत्तेजक' म्हणत.

इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड हे १८४३ मध्ये स्थापन झालेले कृषी संशोधन केंद्र. तेथील वनस्पतिशास्त्र विभागाच्या प्रमुख विनिफ्रेड ब्रेंचली यांनी १९१४ मध्ये या विषयावर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या नावाचा अर्थच 'वनस्पतींची असेंद्रिय विषे आणि उत्तेजके' असा होतो. त्या काळच्या विचाराच्या चौकटीत दोनच कप्पे होते, विष आणि उत्तेजक. थोडक्यात, 'टॉनिक' ही कल्पना तेव्हाची अधिकृत शास्त्रीय कल्पना होती.

ही चौकट मोडली ती ब्रेंचलींच्याच विभागात. कॅथरिन वॉरिंग्टन ही पंचविशीतली संशोधिका तेथे काम करीत होती. तिचे वडील रॉबर्ट वॉरिंग्टन हे रॉथॅमस्टेडमध्येच जमिनीतील नायट्रीकरणावर मोलाचे काम करणारे रसायनशास्त्रज्ञ होते. कॅथरिनने हाती घेतलेली वनस्पती होती ब्रॉड बीन, शास्त्रीय नाव व्हिसिया फाबा. उत्तर भारतात तिला बाकला म्हणतात. मातीशिवाय, नुसत्या क्षारमिश्रित पाण्यात तिने ही झाडे वाढवली. काही बरण्यांत बोरिक आम्लाचा अत्यल्प अंश घातला, काहींत घातला नाही.

बीन्सचे बी मोठे असते. त्यातल्या साठ्यावर सुरुवातीला सर्व रोपे सारखीच वाढली. नंतर मात्र बोरॉन नसलेल्या बरण्यांतील झाडांचे शेंडे काळवंडून मरू लागले. बोरॉन दिलेली झाडे फुलली आणि त्यांना शेंगा धरल्या. वॉरिंग्टनचा निबंध १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिने आणखी एक गोष्ट नोंदवली होती. बोरॉन एकदा देऊन भागत नाही, झाडाला ते वाढीच्या काळात सतत मिळत राहावे लागते. उत्तेजक आणि गरज यांतला फरक येथे दिसतो. चहा न मिळाल्याने माणूस मरत नाही, पाणी न मिळाल्याने मरतो. बोरॉनाची जागा पाण्याच्या रांगेत निघाली.

पुढे १९२७ मध्ये ब्रेंचली आणि वॉरिंग्टन यांनी बोरॉनऐवजी इतर अनेक मूलद्रव्ये देऊन पाहिली. एकही त्याची जागा घेऊ शकले नाही. कॅलिफोर्नियात सॉमर आणि लिपमन यांनी १९२६ मध्ये जस्त आणि बोरॉन यांची गरज इतर वनस्पतींत दाखवली. १९३९ मध्ये तेथीलच आर्नन आणि स्टाउट यांनी आवश्यक मूलद्रव्याच्या तीन कसोट्या मांडल्या. ते नसेल तर झाडाचे जीवनचक्र पूर्ण होता कामा नये, त्याची जागा दुसऱ्या मूलद्रव्याने भरून निघता कामा नये आणि झाडाच्या पोषणात त्याचा थेट सहभाग असला पाहिजे. 'उत्तेजक' हा शब्द या कसोट्यांत कोठेच बसत नाही.

यातील प्रमाणे किती अल्प असतात याची कल्पना विद्यार्थ्यांना द्यावी. निरोगी झाडाच्या एक किलो वाळलेल्या भागात साधारणपणे १०० मिलिग्रॅम लोह, ५० मिलिग्रॅम मँगेनीज, २० मिलिग्रॅम जस्त, २० मिलिग्रॅम बोरॉन, ६ मिलिग्रॅम तांबे आणि केवळ ०.१ मिलिग्रॅम मॉलिब्डेनम पुरेसे असते. काचेच्या भांड्यातून किंवा अशुद्ध क्षारातून आलेला अंशही प्रयोग बिघडवायला पुरतो. या गरजा इतक्या उशिरा कळल्या त्याचे मुख्य कारण हेच.

छेदात दिसलेला पुरावा

शेंडा मरतो हे डोळ्यांना दिसले, पण का मरतो? वॉरिंग्टनने खोडाचे आणि मुळांचे पातळ छेद घेतले आणि १९२६ मध्ये बोरॉनच्या अभावी ब्रॉड बीनच्या अंतर्रचनेत होणारे बदल प्रसिद्ध केले.

खोडाचा आडवा छेद आपण नववी-दहावीपासून काढतो. बाहेरच्या अंगाला रसवाहिन्या, आतल्या अंगाला जलवाहिन्या आणि दोहोंच्या मध्ये सतत विभागणाऱ्या पेशींचा पातळ थर, म्हणजे ऊतककर. बोरॉन न मिळालेल्या झाडात या ऊतककराच्या पेशी बेढब फुगलेल्या होत्या. त्यांपासून नव्या वाहिन्या नीट तयार होत नव्हत्या. रसवाहिन्या आणि आसपासच्या पेशी तपकिरी होऊन मोडत होत्या आणि जलवाहिन्यांची वाढ खुंटली होती. म्हणजे बिघाड झाला होता तो पेशी जन्माला येतात त्या ठिकाणी. जुनी, पूर्ण वाढलेली पाने बराच काळ ठीक दिसत, कारण ती आधीच घडून गेलेली होती.

ब्रेंचली आणि जीवाणुशास्त्रज्ञ एच. जी. थॉर्नटन यांनी १९२५ मध्ये याच वनस्पतीच्या मुळांवरील गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. शेंगवर्गीय झाडांच्या गाठींत रायझोबियम जीवाणू हवेतील नायट्रोजन बांधतात आणि त्या बदल्यात झाड त्यांना शर्करा पुरवते, हे आपण शिकवतो. हा पुरवठा गाठीत शिरणाऱ्या वाहिन्यांच्या शाखांमधून होतो. बोरॉन नसताना या शाखा एक तर तयारच होत नव्हत्या किंवा अगदी दुबळ्या होत्या. शर्करेची वाट बंद झाल्यावर जीवाणूंनी यजमानाच्या पेशींवरच ताव मारायला सुरुवात केली. जो सहजीवी होता तो परजीवी झाला. नायट्रोजन बांधण्याचे प्रमाणही फार घटले. पाठ्यपुस्तकातील सहजीवनाचे चित्र किती नाजूक तोलावर उभे आहे हे सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

बोरॉन पेशीत नेमके काय करते, हे समजायला पुढे सत्तर वर्षे लागली. १९९६ मध्ये जपान आणि अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले की पेशीभित्तिकेतील पेक्टिन गटाच्या एका गुंतागुंतीच्या शर्करासाखळीचे दोन धागे बोरॉन एकमेकांना जोडतो. नवी भित्तिका विणली जात असताना हे टाके पडले नाहीत तर ती नीट उभी राहत नाही. ऊतककराच्या फुगलेल्या पेशींचा अर्थ या शोधाने लागला. वॉरिंग्टनचे निधन १९९३ मध्ये झाले. आपल्या छेदांमागचे हे कारण पाहायला ती तीन वर्षे कमी जगली.

बोरॉनसंबंधी एक इशाराही येथेच द्यायला हवा. पुरेसे आणि अपायकारक यांतील अंतर या मूलद्रव्याच्या बाबतीत फार कमी असते आणि घेवड्यासारखी पिके त्याला लवकर बळी पडतात. पानांच्या कडा करपतात. 'थोड्याने बरे वाटले तर दुप्पट मारू' हा हिशेब टाकणखाराच्या बाबतीत अंगाशी येतो. 'विष' हा जुना कप्पा चुकीचा नव्हता. तो अपुरा होता, इतकेच.

दलांमध्ये लपलेला डाग

इंग्लंडच्या केंट परगण्यात रॉम्नी मार्श नावाचा दलदलीचा प्रदेश आहे. तेथील वाटाणा बाहेरून निर्दोष दिसे, पण सोलून त्याची दोन दले वेगळी केली की आतल्या सपाट बाजूवर मधोमध तपकिरी डाग दिसे. त्याला 'मार्श स्पॉट' म्हणू लागले. नेदरलँड्समध्येही हा विकार माहीत होता. त्याचे कारण मँगेनीजची कमतरता आहे हे १९३० च्या दशकात स्पष्ट झाले. झाड वरून बरे दिसत असतानाही दाण्यात हा दोष निर्माण होऊ शकतो. फुलोऱ्याच्या आणि शेंगा भरण्याच्या काळात मँगेनीज सल्फेट फवारले तर तो टळतो. दाणा वाळल्यावर फवारणीने डाग पुसला जात नाही.

भुईमुगातही असाच एक विकार आहे. बोरॉन कमी पडले की दाण्याच्या दलांची आतली बाजू खोलगट आणि काळपट राहते. अमेरिकेतील फ्लोरिडात हॅरिस आणि गिलमन यांनी १९५७ मध्ये या विकाराचा बोरॉनशी संबंध दाखवला. टरफल फोडून, दाणा सोलून, दले वेगळी केल्याशिवाय तो दिसत नाही. शेंगांचे वजन चांगले भरते, पण आत दाणा पोकळ असतो.

या दोन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट निघते. सूक्ष्मद्रव्य लागते ते विशिष्ट भागाला आणि विशिष्ट वेळी, म्हणजे तो भाग घडत असताना. फवारणीची वेळ त्या भागाच्या जन्मवेळेशी जुळली तर लाभ होतो, नाही तर पैसे वाया जातात. 'कधी फवारावे' या प्रश्नाचे उत्तर अशा वेळी वनस्पतीच्या अंतर्रचनेत शोधावे लागते.

बादलीने शिकवलेला धडा

जस्ताची कथा थोडी वेगळी आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात पेकन नावाच्या अक्रोडवर्गीय झाडांचे शेंडे खुरटून पानांचे झुपके होत. १९३० च्या सुमारास तेथील शास्त्रज्ञ लोहाची कमतरता समजून हिराकसाचे विद्राव देत होते. गुण कधी येई, कधी येत नसे. शोध घेता लक्षात आले की विद्राव जस्ताचा मुलामा दिलेल्या भांड्यात कालवला की गुण येतो. आम्लधर्मी हिराकसाने भांड्याचे जस्त थोडे विरघळवले होते आणि खरे काम त्या जस्ताने केले होते. आल्बेन, कोल आणि लुईस यांनी हे निष्कर्ष १९३२ मध्ये मांडले.

कॅलिफोर्नियात रीड आणि द्युफ्रेन्वा यांनी १९३५ मध्ये संत्र्याच्या चट्टे पडलेल्या पानांचे छेद तपासले. निरोगी पानात वरच्या त्वचेखाली खांबांसारख्या उंच, अरुंद पेशींची दाट रांग असते. जस्त कमी पडलेल्या पानात त्या बसक्या आणि रुंद झाल्या होत्या आणि त्यांतील हरितलवके कमी होती. स्कूग यांनी १९४० मध्ये जस्त आणि ऑक्सिन या वाढ-संप्रेरकाचा संबंध दाखवला. मूग, घेवडा, सोयाबीन यांत जस्ताअभावी कांड्या आखूड आणि पाने लहान का राहतात, याचा उलगडा या कामातून होऊ लागला.

बादलीच्या गोष्टीचा बोध मात्र जस्तापुरता नाही. गुण आला म्हणजे आपण दिले त्याचाच आला असे समजू नये. तुलनेसाठी ठेवलेली झाडे काटेकोर नसतील तर निष्कर्ष बादलीचा असतो आणि श्रेय हिराकसाला मिळते.

पान कसे जेवते?

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. पानाच्या त्वचेवर मेणचट उपत्वचेचा पातळ थर असतो. पाणी बाहेर जाऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ही तजवीज आहे. त्यातून आत कसे शिरावे?

दुसऱ्या महायुद्धानंतर किरणोत्सारी समस्थानिके संशोधनासाठी मिळू लागली. अमेरिकेतील मिशिगनमध्ये ट्यूकी, विटवर, बुकोव्हॅक प्रभृतींनी पानावर खुणेचे मूलद्रव्य लावून ते झाडात कोठे जाते याचा माग काढला. बुकोव्हॅक आणि विटवर यांनी १९५७ मध्ये घेवड्याच्या झाडावरील निष्कर्ष दिले. पानावर लावलेली मूलद्रव्ये आत शिरतात, पण सगळी सारखा प्रवास करीत नाहीत. पोटॅशियम, फॉस्फरस यांसारखी सहज फिरतात. कॅल्शियम, मॅग्नेशियम जवळजवळ जागीच बसतात. लोह, जस्त, मँगेनीज, तांबे, मॉलिब्डेनम मधल्या गटात पडतात. बहुतेक शेंगवर्गीय पिकांत बोरॉनही जून पानातून कोवळ्या शेंड्याकडे फारसे परतत नाही, कारण ते प्रामुख्याने जलवाहिन्यांतील प्रवाहाबरोबर एकाच दिशेने जाते. त्यामुळे जून पानांवर कितीही टाकणखार मारला तरी मरता शेंडा वाचेल याची खात्री नसते. फवारा पोचायला हवा तो शेंड्यावर, कळ्यांवर आणि फुलांवर.

आत शिरण्याच्या वाटा दोन असाव्यात असे आज मानतात. एक उपत्वचेतील अतिसूक्ष्म मार्गांची आणि दुसरी पर्णरंध्रांची. जर्मनीत आयखर्ट आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ब्रॉड बीनच्याच पानांवर दाखवले की ४३ नॅनोमीटर व्यासाचे कण पर्णरंध्रांतून आत जाऊ शकतात, एक मायक्रोमीटरहून किंचित मोठे कण मात्र जात नाहीत. सगळी रंध्रे हे काम करीत नाहीत, काही थोडीच करतात. थेंब वाळला की प्रवेश मंदावतो. म्हणून भर उन्हात न फवारता सकाळी किंवा सायंकाळी फवारावे, हा जुना सल्ला शास्त्राला धरून आहे.

मॉलिब्डेनमची गरज एवढी अल्प की तेथे पानांची वाट सहज पुरी पडते. दक्षिण ऑस्ट्रेलियात अँडरसन यांनी १९४२ मध्ये दाखवले की लोहखडकाच्या निकृष्ट जमिनीत क्लोव्हरचे पीक खुंटले होते ते मॉलिब्डेनमअभावी. गाठींतील नायट्रोजन बांधणाऱ्या विकराला ते लागते. एकरी काही औंस मॉलिब्डेनमने ती कुरणे हिरवी झाली. शेजारच्या, ज्या जमिनीत ते पुरेसे आहे तेथे टनभर टाकले तरी काही होणार नाही.

एक चूक आणि तिचा उपयोग

येथे स्वतःचा अनुभव सांगतो. संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी मुगावर झिंक सल्फेटची फवारणी केली, पानांचे छेद घेतले, खांबपेशींची उंची मोजली. फवारलेल्या झाडांत ती स्पष्टपणे अधिक भरली. मोठ्या उत्साहाने आकृत्या काढून मार्गदर्शकांपुढे ठेवल्या. सरांनी त्या शांतपणे पाहिल्या आणि विचारले, "आणि नुसत्या पाण्याने भिजवलेली झाडे कोणती?" अशी झाडे मी ठेवलीच नव्हती. माझी तुलना होती फवारलेल्या आणि कोरड्या झाडांची. तो हंगाम कोरडा होता.

पुढच्या वर्षी प्रयोग पुन्हा केला. या वेळी एका गटावर जस्ताचा विद्राव मारला, दुसऱ्यावर तेवढेच पाणी आणि तेवढेच चिकटद्रव्य मारले आणि मातीही तपासून घेतली. त्या जमिनीत जस्त पुरेसे होते. दोन गटांतला फरक जवळजवळ मावळला. माझे एक वर्ष वाया गेले असे तेव्हा वाटले. आज वाटते की 'टॉनिक' ही कल्पना कशी जन्मते हे त्या वर्षाने मला आतून दाखवले. मीही काही काळ तिच्यावर विश्वास ठेवला होता, मोजमापे हातात असताना.

शास्त्रज्ञांच्या बाबतीत हे मोठ्या प्रमाणावरही घडले आहे. १९७६ मध्ये अमेरिकेतील आयोवात दाणे भरण्याच्या काळात सोयाबीनच्या पानांवर नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश आणि गंधक यांचे मिश्रण फवारून उत्पन्न चांगले वाढल्याचे प्रसिद्ध झाले. आशा पल्लवित झाल्या. पुढे ठिकठिकाणी चाचण्या झाल्या, पण बहुतेक ठिकाणी तो लाभ दिसला नाही आणि काही ठिकाणी पाने करपली. मूळ प्रयोग प्रामाणिक होता. एका जागी मिळालेले उत्तर सर्व जागी लागू पडले नाही, एवढेच.

फवारणी निरुपयोगी आहे असे यातून कोणी समजू नये. जेथे कमतरता खरी आहे तेथे तिचे फळ मोठे आहे. पंतनगर येथे डॉ. य. ल. नेने यांनी १९६० च्या दशकात तराईतील भाताचा 'खैरा' रोग जस्ताच्या कमतरतेने होतो हे दाखवले आणि झिंक सल्फेट व चुन्याच्या फवारणीने तो आटोक्यात आला. पण प्रश्न नेहमी हा हवा : कमी काय आहे, कोणत्या भागात आहे आणि तो भाग आता घडत आहे का? दुकानातली सर्वद्रव्यमिश्रित बाटली या तिन्ही प्रश्नांना बगल देते.

वर्गात करून पाहण्यासारखे

पहिला प्रयोग ग्रीचाच आहे. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम ताजा हिरवा हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल (लिंबाचे सत्त्व) विरघळवावे. तपकिरी पडलेला हिराकस घेऊ नये, कारण त्यातील लोहाचे ऑक्सिडीकरण झालेले असते. पिवळ्या पडलेल्या भुईमुगाची काही कोवळी पाने दोऱ्याने खुणावून ठेवावीत. एका पानाच्या अर्ध्या भागावर कुंचल्याने हा विद्राव लावावा. दुसऱ्या अर्ध्यावर तेवढेच सायट्रिक आम्ल घातलेले पाणी लावावे. हे काम सायंकाळी करावे. काही दिवस दररोज पाहून नोंद ठेवावी. लोहाची बाजूच हिरवी झाली तर कमतरता लोहाची. दोन्ही बाजू पिवळ्याच राहिल्या तर कारण दुसरे आहे आणि हिराकसाचा खर्च वाचला. काही विद्यार्थी कुंचल्याने पानावर अक्षरही काढतात. ते हिरवे उमटले की पान जेवते की नाही हा वाद वर्गात उरत नाही.

दुसऱ्या प्रयोगाला काही खर्च नाही. गावातील वेगवेगळ्या शेतांतील भुईमुगाचे शंभर-शंभर दाणे भिजवून सोलावेत, दले वेगळी करावीत आणि आतल्या बाजूला खोलगट काळपट भाग किती दाण्यांत आहे ते मोजावे. शेताचे नाव, जमिनीचा प्रकार आणि संख्या असा तक्ता करावा. एखाद्या शेतात ही संख्या लक्षणीय निघाली तर त्या शेतकऱ्याला मातीची तपासणी करून घ्यायला सांगावे. तपासणीचे निकाल आले की तक्त्यात आणखी एक रकाना वाढवावा.